छत्रीधाऱ्यांच्या विनोदकथा

युद्धाचा इतिहास लिहिणारी मंडळी विनोदाच्या वाटेस सहसा जात नाहीत, आणि विनोद सांगणारी मंडळी इतिहासाची फारशी पर्वा करीत नाहीत. त्यामुळे शिपायांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या हास्यकथांची गत दोन घरच्या पाहुण्यासारखी होते. इतिहासकार त्यांना गप्पा म्हणून दाराबाहेर ठेवितो आणि श्रोता त्यांना करमणूक म्हणून ऐकून विसरून जातो. आज आम्ही ह्या उपाशी पाहुण्यास पानावर बसविणार आहोत. त्यातही सर्व शिपायांच्या गोष्टी न घेता विमानातून छत्रीच्या आधारे उडी घेणाऱ्या सैनिकांच्या गोष्टी तेवढ्या घ्यावयाच्या आहेत. कारण विनोदाचे आणि भयाचे नाते जितके त्यांच्या ठायी उघडे दिसते तितके इतरत्र क्वचित दिसेल.

हा विषय गोंदियाच्या मातीत बसून काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भाताचा, तलावांचा आणि रेल्वेच्या फाट्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. रणांगणाचा म्हणून नव्हे. तथापि गोंदियाजवळ बिरसी येथे जी धावपट्टी आहे ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. आज तेथे वैमानिक होऊ पाहणारी तरुण मुले विमान चालविण्यास शिकतात. त्याच युद्धात, 1945 साली, हिंदुस्थानी सैन्याच्या चव्वेचाळिसाव्या वायुवाहित डिव्हिजनचा तळ बिलासपूरकडे पडला होता, आणि नागपुराहून रेल्वेने बिलासपूरकडे जाणाराला गोंदिया टाळून जाता येत नसे. आकाशातून उतरावयाचे शिक्षण घेतलेल्या त्या पलटणींचा जमिनीवरचा एक रस्ता ह्याप्रमाणे आमच्या स्थानकावरून गेला होता.

परंतु खरे प्रयोजन निराळे आहे. तिरोड्याच्या बाजूला एका खेड्यात एक वृद्ध निवृत्त शिपाई राहत असत. गावात त्यांना सारे ‘फौजी बाबा’ म्हणत. 1971 साली टांगाइलवर ज्या छत्रीधाऱ्यांनी उड्या घेतल्या त्यांच्यात ते होते. त्यांची एक गोष्ट आम्ही निदान दहा वेळा ऐकली असेल. विमानातून उडी घेतली, छत्री उघडली, खाली शत्रू असणार म्हणून दात आवळून बंदुकीची आठवण करीत उतरलो, आणि धप्पदिशी पडलो तो एका बोडीत! कमरेपर्यंत चिखल. सभोवार पाहतो तो भाताच्या कापलेल्या बांध्या, मध्ये पाणी, कडेला केळी. “मला वाटलं, विमानवाल्यानं चुकून नवेगावलाच टाकून देल्लं!” एवढ्यात बांधावरून माणसे धावत आली. हे चिखलातून बंदूक काढण्याच्या खटपटीत, तो ती माणसे ‘जय बांगला’ म्हणून ओरडू लागली आणि ह्यांना बखोटीला धरून वर काढून, ह्यांचेच सामान डोक्यावर घेऊन पुढे चालू लागली. “लढाई करायला गेलो, तर पावण्यासारखी आगतस्वागत!” येथे ओसरीवर हशा पिकत असे. गोष्ट येथेच संपत असे.

ह्या हशाचे स्वरूप समजण्यास उडीचे स्वरूप समजले पाहिजे. पायदळाचा शिपाई चालत चालत धोक्यात शिरतो. कोणत्या पावलास धोका सुरू झाला हे त्याला पुष्कळदा कळतही नाही. छत्रीधाऱ्याचे तसे नाही. त्याचा धोका एका दाराच्या उंबरठ्यावर उभा असतो. दिवा लागतो, हुकूम होतो, आणि त्या एका क्षणी मनुष्यस्वभावाच्या अगदी विरुद्ध असे कृत्य त्याला आपण होऊन करावयाचे असते. शत्रूने गोळी झाडण्यापूर्वी त्याचे पहिले युद्ध स्वतःशी होऊन गेलेले असते. शिवाय ज्या छत्रीवर प्राण अवलंबून ती दुसऱ्याच कोणी घडी घालून दिलेली. म्हणूनच जगातल्या बहुतेक छत्रीधारी पलटणींत एक विनोद सापडतो: छत्री उघडलीच नाही तर काय करावे, असे नवख्याने विचारले असता कोठारवाला शांतपणे सांगतो, परत आणून द्या, बदलून देऊ. ह्या विनोदात तक्रार करण्यास जो परत येऊ शकत नाही त्याचेच स्मरण आहे. तो हसत हसत सांगता येतो म्हणूनच सांगता येतो.

अमेरिकन छत्रीधारी उडी घेताना ‘जेरोनिमो’ अशी आरोळी ठोकीत. तिचा उगमही असाच आहे. 1940 च्या ऑगस्टात फोर्ट बेनिंग येथे त्यांची पहिली चाचणी तुकडी सराव करीत होती. आदल्या रात्री मंडळी चित्रपट पाहून आली. त्यात त्या नावाच्या अपाची योद्ध्याची कथा होती. एबरहार्ट नावाच्या शिपायाला सोबती चिडवू लागले, की उद्या उडी घेताना तुला स्वतःचे नावदेखील आठवणार नाही. तो म्हणाला, नाव आठवते हे सिद्ध करण्यासाठी मी ते नाव ओरडून दाखवितो. त्याने ते ओरडून दाखविले, आणि एका भेदरलेल्या तरुणाची पैज साऱ्या दलाची रणगर्जना झाली. मोठमोठ्या परंपरांच्या मुळाशी पुष्कळदा असली एखादी थट्टा असते.

आता आमच्या देशात जन्मलेली सर्वांत प्रसिद्ध कथा घेऊ. गुरखा शिपायांस विचारले गेले की, हजार फुटांवरून विमानातून उड्या घ्यावयाच्या आहेत, कोण तयार आहे? मंडळींनी आपसांत खल केला आणि त्यांचा नाईक अदबीने म्हणाला, साहेब, पाचशे फुटांवरून चालणार नाही काय? साहेबांनी समजाविले की, इतक्या खालून छत्री उघडण्यास अवकाश मिळणार नाही. तेव्हा सर्वांचे चेहरे उजळले. असे होय, छत्र्या मिळणार आहेत तर! मग हजार फूट चालतील.

ही गोष्ट 1941 मध्ये उभारलेल्या पहिल्या गुरखा छत्रीधारी पलटणीच्या नावावर सांगतात. तीच गोष्ट, आकडे थोडे हलवून, 1964 च्या सुमाराच्या बोर्निओतील लढायांच्या नावावरही सांगतात. एकच घटना वीस वर्षांच्या अंतराने दोन मुलुखांत घडली असे मानण्यापेक्षा गोष्टच पलटणीबरोबर प्रवास करीत गेली असे मानणे अधिक युक्त होय. बिरबलाच्या किती गोष्टी तेनालीरामाच्या नावावर आहेत हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्याचे नवल वाटू नये.

मग ही कथा इतिहासाने टाकून द्यावी काय? आमच्या मते टाकू नये. मात्र तिला विचारावयाचा प्रश्न बदलावा. ‘हे घडले काय?’ असे न विचारता ‘हे सांगावेसे का वाटले?’ असे विचारावे. 1941 साली दिल्लीत पन्नासावी छत्रीधारी ब्रिगेड उभारली गेली तेव्हा छत्र्यांची विलक्षण टंचाई होती. माणसे होती, उत्साह होता, विमाने जुनाट आणि छत्र्या हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या. छत्र्यांचा कारखाना कानपुरास निघाला तोही त्याच काळात. पुढे 1944 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रसद टाकण्यास रेशमी कापड मिळेना, तेव्हा सेनापती स्लिम ह्यांनी कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या. त्यांची किंमत नेहमीच्या छत्रीच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास पडली. माणसांसाठी त्या नव्हत्या, पोत्यांसाठी होत्या. पण अशा सैन्यात ‘छत्र्या मिळणार आहेत काय?’ हा प्रश्न केवळ भोळेपणाचा नव्हता. तो कोठारातल्या रिकाम्या फळ्यांकडे पाहून विचारलेला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही कथा गुरख्यांविषयी आहे, पण ती सांगणारे बहुधा त्यांचे गोरे अधिकारी होते. तीत शिपाई शूर आहे, आणि भोळाही आहे. तो भोळा असला की त्याला विमानात चढविणाऱ्याच्या मनाला थोडे हलके वाटते. 1 मे 1945 रोजी रंगूनजवळ एलिफंट पॉइंट येथे गुरखा छत्रीधारी खरोखरच उतरले. तेथे मित्रपक्षाच्याच विमानांचे बॉम्ब त्यांच्यावर पडून काही जण मेले, काही जखमी झाले. ह्या प्रसंगाचा विनोद कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. विनोद कोठे होतो ह्याइतकेच तो कोठे होत नाही हेही पाहिले पाहिजे.

सर्वच कथा अशा फिरस्त्या नसतात. काहींच्या पायाखाली पक्की जमीन आहे. त्यांपैकी एक रेल्वेच्या गावाला विशेष रुचावी अशी आहे. साठावे छत्रीधारी फील्ड अँब्युलन्स हे भारतीय वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल रंगराज ह्यांच्या नेतृत्वाखाली 1950 च्या अखेरीस कोरियात होते. हे रंगराज म्हणजे 1941 साली छत्रीने उडी घेणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी एक. डिसेंबरात चिनी फौजा पुढे सरकल्या, प्याँगयाँग सोडण्याची वेळ आली, आणि वाहने नसल्यामुळे औषधे व उपकरणे तेथेच टाकून निघावे असा हुकूम सुटला. औषधांवाचून दवाखाना म्हणजे देवावाचून देऊळ. पथकातल्यांनी शोधाशोध केली तो एक सोडून दिलेले इंजिन आणि काही डबे सापडले. इंजिन चालविण्याचे थोडेफार ज्ञान असलेली माणसे पथकात निघाली. त्यांनी हाताने पाणी भरले, विस्तव पेटविला, सामान चढविले, आणि पूल उडविले जाण्यापूर्वी गाडी दक्षिणेकडे हाकली. आकाशातून उतरण्याचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी परमुलखात आगगाडी चालवावी ह्याहून गमतीची गोष्ट ती कोणती? परंतु तीच औषधे पुढे शेकडो जखमींस लागली हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या गमतीचे मोल कळते. सातपुड्याच्या अरुंद रुळांवर कोळशाची इंजिने चालविण्यात ज्या घराण्यांच्या दोन पिढ्या गेल्या त्यांना ते अधिकच कळेल.

दुसरी गोष्ट ब्रिगेडियर उस्मान ह्यांच्या खाटेची. पन्नासाव्या छत्रीधारी ब्रिगेडचे ते प्रमुख, आणि त्या ब्रिगेडीत तिसरी मराठा पलटण होती. 1797 साली उभी राहिलेली, पहिल्या महायुद्धात कूतच्या वेढ्यात सापडलेली, आणि 1944 मध्ये इटलीत नाईक यशवंत घाडगे ह्यांनी जिला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून दिला तीच ही पलटण. डिसेंबर 1947 मध्ये काश्मीरच्या आघाडीवरील झांगर हातचे गेले. ते परत घेईपर्यंत खाटेवर निजणार नाही, असा पण उस्मानांनी केला आणि ऐन हिवाळ्यात ते जमिनीवर चटई टाकून निजू लागले. मार्च 1948 मध्ये झांगर परत मिळाले. पण फेडावयास रात्री खाट पाहू लागले तो छावणीत खाटच नाही! अखेरीस जवळच्या गावातून एक खाट मागून आणली आणि सेनानी तीवर निजले. उण्यापुऱ्या साडेतीन महिन्यांनी, 3 जुलै रोजी, झांगर येथेच तोफगोळ्याने त्यांना मृत्यू आला. खाटेची गोष्ट त्यांच्या मागे राहिली. पुतळ्यापेक्षा ह्या उसन्या खाटेत तो मनुष्य आम्हांस अधिक जवळचा वाटतो.

काही विनोद युद्धानंतर सांगितले जातात. काही युद्धातच कामी येतात. ह्याचे उदाहरण टांगाइलच्याच उडीत आहे. उपरोक्त मराठा पलटण आता पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली होती. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू ह्यांच्या हाताखाली सुमारे साडेसातशे माणसे 11 डिसेंबर 1971 रोजी दिवस कलत असता टांगाइलजवळ उतरली. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविण्यासाठी लोहजंग नदीवरील पुंगलीचा पूल घ्यावयाचा होता. तो त्यांनी घेतला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून आलेली पहिली मराठा पलटण त्यांना येऊन मिळाली.

इकडे दिल्लीत वार्ताहर छायाचित्र मागू लागले. सेनेचे जनसंपर्काचे काम पाहणारे राममोहन राव ह्यांच्यापाशी टांगाइलचे चित्र कोठले असावयाचे? त्यांनी आग्र्याच्या सरावाचे जुने चित्र काढून दिले. त्या सरावात अख्ख्या ब्रिगेडने उड्या घेतल्या होत्या. आकाश छत्र्यांनी भरून गेले होते. चित्र जुने आहे एवढेच तेवढे लिहावयाचे राहिले! परदेशी वृत्तपत्रांत ते झळकले, पाच हजार भारतीय छत्रीधारी ढाक्याच्या उत्तरेस उतरल्याची वार्ता पसरली, आणि तिने ढाक्यातील सेनाधिकाऱ्यांची झोप उडविली. ही हकीकत राव ह्यांनी पुढे स्वतः सांगितली आहे. सिंहगडावर घोरपडीने चढल्याची कथा खरी की खोटी ह्यावर आम्ही वाद घालीत बसतो. येथे मात्र आग्र्यातील एका जुन्या चित्राने साडेसातशांचे पाच हजार केल्याचा कबुलीजबाब हाती आहे.

त्याच सुमारास ढाक्यातील अधिकाऱ्यांस रावळपिंडीहून असे सूचित झाले होते की, उत्तरेकडून पिवळे आणि दक्षिणेकडून गोरे मित्र धावून येत आहेत. त्यामुळे टांगाइलवर छत्र्या दिसताच काही पाकिस्तानी शिपायांना चिनी आले असे वाटून आनंद झाला, अशी कथा सांगतात. भारतीय छत्रीधाऱ्यांच्या मेळाव्यात हिच्याइतका हशा क्वचितच दुसऱ्या गोष्टीला मिळत असेल. आम्हीही ती ऐकून हसलो आहो. परंतु क्षणभर तीच गोष्ट पलीकडच्या बाजूने ऐकावी. दिवसचे दिवस मागे हटत आलेला, उपाशी, घरापासून दूर पडलेला एक शिपाई आकाशाकडे पाहतो आणि आपली सुटका आली असे त्याला वाटते. आमच्या बाजूचा विनोद तोच त्याच्या बाजूचा दैवदुर्विलास. युद्धकथेतला हशा नदीच्या एकाच काठावर ऐकू येतो, हे विसरून चालणार नाही.

येथे कोणी गंभीर वाचक आक्षेप घेईल की, मरणमारणाच्या व्यवहारात हसण्याजोगे काय आहे? असल्या गोष्टींनी मुलांच्या मनात युद्धाविषयी खोटी गोडी उत्पन्न होते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण आमचा अनुभव असा की, गोडी उत्पन्न होते ती विनोदाने नव्हे, आवेशाच्या भाषणांनी. विनोदात शिपाई चिखलात पडतो, स्वतःचे नाव विसरतो, खाट उसनी आणतो. त्यात तो वीर नसतो, माणूस असतो. अमेरिकन छत्रीधारी व्हिन्सेंट स्पेरान्झा ह्याने 1944 च्या डिसेंबरात वेढलेल्या बास्तोन गावी जखमी मित्रासाठी शिरस्त्राणातून बिअर नेली आणि वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. पासष्ट वर्षांनी तो पुन्हा तेथे गेला तेव्हा त्याला कळले की, आपली गोष्ट गावाने विसरली नाही. तेथे शिरस्त्राणाच्या आकाराच्या पेल्यातून बिअर विकतात! गावाने जपली ती गोष्ट एका तहानलेल्या जखम्याची. विनोदाने केलेली निवड पुष्कळदा इतिहासाच्या निवडीपेक्षा अधिक दयाळू असते.

तेव्हा ह्या कथांविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे: त्या पारखून घ्याव्यात, पण फेकू नयेत. फिरस्ती कथा आणि घडलेली कथा ह्यांतला भेद ओळखावा. कोण कोणाला हसत आहे हे पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हशा कोठे थांबतो तिकडे कान द्यावा. कारण जे सांगता येत नाही ते तेथून सुरू होते.

हे आम्हांस पुस्तकातून कळले नाही. एकदा फौजी बाबांची बोडीची गोष्ट नेहमीप्रमाणे संपली, मंडळी हसली, आणि आम्ही सहज विचारले, “बाबा, पुढे काय झाले?” पुलाची हकीकत आम्हांस वाचून ठाऊक होती. त्या रात्री माघारी येणारी पाकिस्तानी तुकडी काही कल्पना नसता पुलापाशी आली आणि दबा धरून बसलेल्या छत्रीधाऱ्यांच्या गोळीबारात सापडून तिची मोठी हानी झाली. बाबा थोडा वेळ अंगणातल्या धानाच्या पोत्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पुढे काय, बापा, रात झाली.” आणि नातवाला त्यांनी पाणी आणावयास सांगितले.

दहा वेळा ऐकलेली ती गोष्ट आम्हांस त्या दिवशी समजली. दिवेलागणीपूर्वीचा तो एक तास, तो चिखल, ती ‘जय बांगला’ची हाक, एवढा भाग त्यांनी हसण्यासाठी वाचवून ठेविला होता. उरलेल्यावर त्यांनी रात्र पांघरली होती. पुढे आम्ही तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. विचारावयास हवा होता की नको होता, ह्याचा निर्णय आम्हांस अद्याप करता आलेला नाही; कारण फौजी बाबा आता राहिले नाहीत.

टांगाइलवर उतरलेल्या तरुणांपैकी जे हयात आहेत त्यांनी आज सत्तरी केव्हाच ओलांडली आहे. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, शेजारी, नात्यात असा एखादा वृद्ध असेल, तर त्याची तीच ती गोष्ट ‘ऐकली आहे हो, आजोबा’ म्हणून तोडू नये. ती अकराव्यांदाही ऐकावी, मनापासून हसावे, आणि गोष्ट संपल्यावर लगेच उठून न जाता थोडा वेळ तेथेच बसावे.